मायचा चेकिंगचा हात

परवा हयातीच्या दाखल्यासाठी गेले होते. आम्ही पेन्शनवाले जिवंत आहोत की नाही हे सरकारला दरवर्षी अंगठा टेकवून सांगावं लागतं. माझ्या पुढे कोसाडहून आलेली एक बाई होती, आयुष्यभर साड्यांना टिकल्या चिकटवलेली. तिचा अंगठा काही केल्या मशीनला समजेना. पुसून झाला, ओला करून झाला, दुसऱ्या हाताचा देऊन झाला. मग माझी पाळी आली, मी अंगठा ठेवला आणि लगेच हिरवा दिवा लागला. खुर्चीवरची मुलगी हसून म्हणाली, ‘‘मासी, तमारा हाथ तो केवा सरस छे! इथे बायकांचे ठसे उमटतच नाहीत.’’ मीही हसले. बाहेर येऊन रिक्षात बसले आणि मला रडू फुटलं. रिक्षावाल्याला वाटलं, बाईंचं पेन्शन अडकलं. त्याला काय सांगू? माझे हात मऊ आहेत, कारण माझ्या मायचे हात खरबरीत झाले. आणि ते झाले माझ्यामुळे. ही गोष्ट मी आजवर चारचौघांत दहादा सांगितली आहे, पण दरवेळी थोडी खोटी सांगितली. आता वय झालं. एकदा खरी लिहून टाकते.

आम्ही सुरतेत डिंडोलीला राहायचो. तेव्हाची डिंडोली म्हणजे अर्धी शेतं आणि अर्ध्या चाळी, आणि त्या चाळींत सगळे आमचेच, खान्देशातून आलेले. दोन खोल्या, वर पत्रा, मागे लूमचं खातं. लूमचा खडखडाट इतका सवयीचा की लाइट गेली आणि तो थांबला, की आम्ही दचकून एकमेकांकडे बघायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, त्याच खात्यात बारा बारा तास उभे असायचे. त्यामुळे घरात सगळे ओरडूनच बोलत. आप्पांना कमी ऐकू यायला लागलं होतं आणि आम्हाला हळू बोलणं येतच नव्हतं. संध्याकाळी चाळभर कळण्याच्या भाकरीचा आणि मिरचीच्या ठेच्याचा वास सुटायचा. रविवारी आप्पा नाक्यावरून लोचो, म्हणजे डाळीचं वाफवलेलं मऊ पीठ, आणायचे, कागदात बांधलेला, वर तेल आणि मसाला. माय तो भाकरीशी खायची आणि म्हणायची, गुजरात्यांनी पीठ भिजवलं पण भाकरी करायचा कंटाळा केला. तिच्या बोलण्याला हे असं टोक असायचं. हसताना पदर तोंडावर धरायची, पण बोललेलं मागे घ्यायची नाही.

शेजारच्या दोघी भेस्तानला मोज्यांच्या कारखान्यात जात. त्यांच्याबरोबर एक दिवस माय गेली आणि तिला काम मिळालं. मोजे म्हणजे आपले शाळेचे नव्हेत. नायलॉनचे, मांडीपर्यंत लांब, इतके पातळ की मुठीत धरले तर मूठ रिकामी वाटावी. परदेशातल्या बायकांसाठी. गोल मशीनवर त्यांच्या नळ्या विणून निघत, पुढे बोटांकडची शिवण, मग रंग, मग ॲल्युमिनियमच्या गरम पायांवर चढवून वाफ द्यायची. ते चकचकीत पाय ओळीनं उभे असत, मांडीच्या वर काही नसलेले. माय पहिल्या दिवशी घरी आली ती हसतच सुटली होती. तिनं आम्हाला रंगाचं सांगितलं. खोक्यावर लिहिलेलं असायचं ‘स्किन’, म्हणजे कातडीचा रंग. तो रंग होता दुधात चहा चुकून पडावा तसा. माय म्हणाली, ‘‘हाऊ कोना रंग शे वं? आख्खी डिंडोली फिरनू तरी असा पाय माले दिसना नही.’’ मग ती म्हणाली, बघ, बायका पैसे देऊन असं कापड घेतात, जे घातलेलं दिसू नये! आपल्याकडे दिसण्यासाठी घेतात.

सगळ्यात शेवटी चेकिंग. तिथे माय. चेकिंगवाल्या बाईनं मोज्यात हात कोपरापर्यंत घालायचा, आत बोटं फाकायची, ट्यूबलाइटखाली हात फिरवायचा. एखादा टाका सुटलेला असला की तिथून वरपासून खालपर्यंत शिडी पडलेली दिसते. त्याला त्या ‘लाइन’ म्हणत. लाइन दिसली की माल बाद. आता गंमत अशी की चेक करणाऱ्या हातालाच जर भेग असेल, नख तुटलेलं असेल, तर चांगल्या मोज्यालाही तोच हात लाइन पाडणार. म्हणून रोज सकाळी दारातच जयंतीभाई मास्तर उभे. हातात एक जुना मोजा. ‘‘बेन, हाथ बताओ.’’ बाईनं दोन्ही हात पुढे करायचे, मास्तर तो मोजा तळव्यावरून, बोटांवरून, मनगटावरून ओढणार. अडकला तर त्या दिवशी चेकिंग नाही, धागे कापायच्या खात्यात जायचं. मायचा हात कधी अडकला नाही. चारच महिन्यांत मास्तर नव्या बायकांना सांगायला लागले, इंदुबेन जेवो हाथ जोइए, इंदूबाईसारखा हात हवा. माय हे सांगताना मान खाली घालायची, पण दिवसातून दोनदा सांगायची. माझ्या मायला तिच्या उभ्या जन्मात कुणी पहिल्यांदाच चांगलं म्हटलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. मी तेरा वर्षांची होते, मला स्वतःपलीकडचं काहीच कळत नव्हतं.

पण चेकिंगच्या टेबलावर बांगडी चालत नसे. काचेची तर नाहीच. आणि आमच्याकडे नवरा जिवंत असलेल्या बाईचा हात उघडा म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको. आम्ही बांगडी ‘फुटली’ असंसुद्धा म्हणत नाही, ‘वाढवली’ म्हणतो. कासाराकडे नव्या भरताना जुनी शेवटची एक हातात ठेवूनच नवी चढवतात. म्हणून मायनं काय केलं, तर कासाराकडून एक माप मोठ्या बांगड्या भरल्या. कासार म्हणाला, सैल होतील बाई. माय म्हणाली, सैलच भर. मग रोज कारखान्याच्या दारात त्या सुळकन काढायच्या, कपाळाला लावायच्या, रुमालात बांधून डब्याच्या पिशवीत ठेवायच्या आणि सुटल्यावर पहिलं काम त्या चढवायच्या. हे घरात फक्त मला ठाऊक होतं. ‘‘आप्पांना सांगू नकोस,’’ ती म्हणाली, ‘‘आणि फुईला तर मुळीच नको.’’ फुई म्हणजे आप्पांची मोठी बहीण. अहिराणीत आत्याला फुई म्हणतात आणि गुजरातीत फोई, एवढ्या एका बाबतीत आमचं आणि सुरतचं पहिल्यापासून जुळलेलं होतं. फुई दोन गल्ल्या सोडून राहायची. लहानपणी आईविना झालेल्या आप्पांना तिनं वाढवलेलं. तिचा जीव भावात आणि डोळे आमच्या घरात.

हात मऊ राहायचा तर तो घरी कशाला लावायचा नाही हे ओघानं आलं. राखेनं भांडी घासणं बंद. धुणं बंद. फरशी बंद. माय रात्री तळव्यांना व्हॅसलिन चोळून, हातांवर जुन्या बनियनचे तुकडे गुंडाळून झोपायची. भाकरी मात्र थापायची, ती आप्पांना दुसऱ्या कुणाच्या हातची चालत नसे. मग राख, धुणं, फरशी कुणी करायचं? मी. शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर. माझी बोटं सोड्यानं फाटली, नखांच्या कडेला राखेच्या काळ्या रेघा बसल्या. शाळेत वहीवर हात ठेवला की मी बोटं आत दुमडून घ्यायची. आईचे हात फुलासारखे आणि लेकीचे मोलकरणीसारखे, असं फुई येता-जाता म्हणायची. मायला लागावं म्हणून म्हणायची, पण लागायचं मला.

जयंतीभाई मास्तर जेवणाच्या सुट्टीत बायकांना मोज्यांच्या कहाण्या सांगत आणि माय त्या घरी येऊन आम्हाला. पहिले हे मोजे रेशमाचे असत, राण्यांचे. मग नायलॉन निघालं आणि कुणालाही परवडू लागलं. बायकांनी दुकानाबाहेर रांगा लावल्या. मग मोठी लढाई लागली, सगळं नायलॉन विमानातून उड्या मारणाऱ्यांच्या छत्र्यांना गेलं आणि मोजे मिळेनात. तेव्हा मोज्याला पोटरीवर मागून उभी शिवण असायची. तर त्या बायकांनी उघड्या पायांना रंग फासला आणि मागे पेन्सिलनं शिवणीची रेघ काढली! लांबून बघणाऱ्याला वाटावं, मोजे घातलेत. हे ऐकून आप्पाही हसले, त्यांना दोनदा ओरडून सांगावं लागलं तरी. माय मात्र हसता हसता थांबून म्हणाली, ‘‘लोकांसाठी बाईला अंगावर रेघ काढावी लागते. तिकडे बी आन इकडे बी.’’ ते वाक्य मी विसरून गेले होते. नंतर आठवलं.

एकदा माय डबा विसरली. शाळेला सुट्टी होती, मी डबा घेऊन भेस्तानला गेले. तिला मी तशी कधी पाहिलीच नव्हती. पंख्याखाली, पांढऱ्या उजेडात, ताठ बसलेली, उघडे हात. मोजा चढायचा, बोटं फाकायची, हात एकदा वळायचा, मोजा उतरायचा. बोलत होती शेजारणीशी, पण नजर हातावरून हलत नव्हती. मला बघून खूश झाली. चार बायकांना म्हणाली, ही मनी आंडेर सुमी, शाळेत पहिल्या पाचांत असते. अहिराणीत लेकीला आंडेर म्हणतात. आणि मला म्हणाली, ये, हात घालून बघ. मी घातला. गार, गुळगुळीत, पाण्यात हात घालावा तसं वाटलं. मी बोटं फाकली, आणि माझ्या तर्जनीजवळ टरकन लाइन गेली, कोपरापर्यंत. मास्तर धावत आले. माय म्हणाली, माझ्या हातून गेली. मास्तर तिच्या हाताकडे बघत राहिले, मग माझ्या. माय मला हळू म्हणाली, ‘‘तुना हात खरबरा शे, बाय. तुना हात या कामना नही.’’ तिनं ते मायेनं म्हटलं, आज मला कळतं. तिला म्हणायचं होतं, तू शिक, तुला इथे यायचं नाही. मी ऐकलं ते एवढंच, की हिच्यासाठी मी ज्या हातांनी राख घासली तेच हात वाईट. घरी येईपर्यंत मी धुमसत होते.

त्याच महिन्यात शाळेत स्नेहसंमेलन होतं. नाटकात मला नर्सचं काम मिळालं, मोठं, शेवटच्या प्रवेशात रडणारं. बाई म्हणाल्या, पांढरा फ्रॉक शाळेचा आहे, पायांत कातडीच्या रंगाचे लांब मोजे हवेत, कुणाकडे आहेत? मी हात वर केला. माझी माय तर त्याच कारखान्यात! अख्ख्या वर्गाला सांगून टाकलं. माझे गुडघे फरशी पुसून काळे झाले होते, ते त्या मोज्यांत झाकले जाणार होते, हे माझ्या मनात होतंच. घरी येऊन मायला म्हटलं, एक जोडी आण. बाद मालातली आण, लाइनवाली चालेल. माय म्हणाली, बाद माल कात्रीनं मधोमध कापतात, मास्तर समोर उभे राहून कापून घेतात. मी म्हटलं, मग न कापलेला आण, तुझ्यावर कुणाला संशय येणारे? तेव्हा तिचा आवाज बदलला. ‘‘चोरीना मोजा घालीसन तू नर्स व्हशी?’’ मी तीन दिवस रुसले, जेवले नाही, शेवटी पाया पडले. मास्तरांकडे माग तरी, म्हटलं. ती म्हणाली, ‘‘आज मागितलं की उद्या हात बघताना ते माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील.’’ आणि नर्सचं काम गेलं दुसरीला. तिचे वडील बँकेत होते, तिच्याकडे मोजे होते. मला बाईंनी पडदा ओढायला उभं केलं. मी पडदा ओढला, आणि नाटकभर त्या मुलीच्या पायांकडे बघत उभी राहिले.

आणि तेवढ्यात आप्पांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अन्नाचा वास सहन होईना. दवाखाना झाला, उसाचा रस झाला, आणि फुईनं गावाकडून काविळीची माळ आणवली. ती माळ डोक्यावरून घालतात आणि ती दिवसागणिक वाढत पोटाकडे उतरली की कावीळ उतरली म्हणतात. आप्पांची माळ काही उतरेना. फुई तीन-चार दिवस आमच्याकडेच मुक्कामाला. माय कामावर जायची, कारण आप्पांचा खाडा चालू होता आणि घर तिच्याच हातावर उभं होतं. एका दुपारी फुईनं मला समोर बसवलं, माळेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘सुमे, घरमा कोनं काही चुकनं का? खरं सांग.’’

मी सांगितलं. माय कारखान्यात बांगड्या काढून बसते, दिवसभर.

ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यांना म्हटलं, की मी घाबरले होते. आप्पा मरतील असं वाटलं, लहान होते, फुईचं खरं वाटलं. माझ्या नवऱ्यालाही असंच सांगितलं, मुलांनाही. ऐकणारा म्हणतो, अगं, पोरच होतीस तू. मला बरं वाटतं. पण खरं ते निराळं आहे. मला भीती वाटत होती, नाही असं नाही. पण तोंड उघडताना माझ्या डोळ्यांपुढे आप्पांची माळ नव्हती. त्या मुलीचे पाय होते. मला वाटलं, हातांचा फार तोरा आहे ना हिला? आता बघू. तेरा वर्षांच्या पोरीच्या मनात इतकं विष असतं, हे कुणी मानत नाही. मला ठाऊक आहे, कारण ते माझं होतं. फुई छाती बडवायला लागली तेव्हा एका क्षणापुरतं मला बरं वाटलं होतं. तो क्षण मला आजतागायत पचलेला नाही.

संध्याकाळी माय आली. हातात बांगड्या होत्याच, कारखान्याच्या दारातच चढवून आलेली. फुई उभी. ‘‘तुना हात उघडा आन मना भाऊ खाटवर! तुले लाज नही का वं?’’ चाळ गोळा झाली. मायनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी भांड्यांकडे तोंड केलं. मायनं नाही म्हटलं नाही, रडली नाही. आप्पा खाटेवरून एवढंच म्हणाले, ‘‘इंदू, ताईचं ऐक. मला बरं वाटेपर्यंत तरी.’’ आप्पा वाईट नव्हते. त्यांना बायकोचा राग नव्हता, मरणाची भीती होती, आणि भ्यालेल्या माणसाशी कोण वाद घालणार? फुईनं पुन्हा घट्ट मापाच्या बांगड्या भरायला लावल्या, साबण लावूनही निघू नयेत अशा. दोन दिवस माय घरी बसली. तिसऱ्या दिवशी बाजारात गेली आणि दुपार टळून गेल्यावर आली ती दोन्ही मनगटांना ओलं फडकं गुंडाळून. फडकं सोडलं तर आत हिरवंगार गोंदण. दोन्ही मनगटांभोवती दोन दोन रेघा, मध्ये ठिपके, हुबेहूब बांगड्या. बाजारात बॅटरीच्या मशीननं गोंदणारा बसायचा, त्याच्याकडून काढून घेतलेल्या. काचेच्या घट्ट बांगड्या तिनं कासाराकडे जाऊन वाढवून टाकल्या होत्या. फुईच्या नाकापुढे हात धरून ती म्हणाली, ‘‘आते देखा ताई. ह्या बांगड्या ना फुटतस, ना निंघतस. मी मरसू तवय मनासंगे जातीन.’’ गोंदण देवाघरी बरोबर जातं, हे फुईच आम्हाला लहानपणापासून सांगत आलेली. मला त्या क्षणी माझ्या मायचा इतका अभिमान वाटला, की मी केलेलं सगळं फिटलं असं वाटून मी चक्क नाचले.

कसलं काय! हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मायच्या नशिबी अक्षरशः आलं. मनगटाचं कातडं नाजूक, सुई कुणाकुणाला लावलेली. चौथ्या दिवशी दोन्ही मनगटं सुजली, मग पिकली. हळद झाली, मलम झालं, इंजेक्शनं झाली. तीन आठवडे गेले. आप्पा त्या आधीच बरे होऊन लूमवर गेले होते, डॉक्टरच्या गोळ्यांनी म्हणा, उसाच्या रसानं म्हणा. माय खपल्या धरलेल्या हातांनी कारखान्यात गेली. मला बरोबर घेऊन गेली, का ते मला कळलं नाही. जयंतीभाई दारात उभे. ‘‘इंदुबेन! आवो आवो. हाथ बताओ.’’ त्यांनी मोजा तळव्यावरून ओढला, सरकला. बोटांवरून सरकला. मनगटावर आला आणि अडकला. त्यांनी हळूच सोडवला, पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. माणूस भला होता, तिसऱ्यांदा ओढलाच नाही. म्हणाले, ‘‘बेन, रुझावा दो. भरू द्या. मग बघू.’’ खपल्या पडल्या, पण खाली कातडं उंच राहिलं, दोरा शिवून काढावा तसं, रेघेरेघेनं. माय दोन महिने धागे कापायच्या खात्यात बसली. दर सोमवारी दारात मास्तरांना हात दाखवायची. मग एका सोमवारी तिनं हात दाखवला नाही आणि पुढे कामावर गेलीच नाही.

त्या संध्याकाळी मी मोरीत भांडी घासत होते. माय आली, पदर खोचला, माझ्या हातातून राखेचा काथ्या काढून घेतला. ‘‘आन ती भांडा इकडे. मना हात आते मोकळा शेतस. तू अभ्यास कर.’’ एवढंच. मी वाट बघत होते की ती मला मारेल, बोलेल, निदान विचारेल. तिनं कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, कधीच नाही. त्या दिवसानंतर माझ्या हाताला राख लागली नाही. मी शिकले, शाळेत शिक्षिका झाले, हातात खडू आला. माय घरी साड्यांचे गठ्ठे आणून धागे कापत राहिली, टिकल्या लावत राहिली, त्यांच्या डिंकानं बोटांची कातडी सोलवटली, आणि डोळे गेले ते त्यातच. आप्पा बरे झाले ते मायपेक्षा दोन वर्षं जास्त जगले. उघड्या हातांनी त्यांचं काही वाकडं झालं नव्हतं आणि गोंदलेल्या हातांनी काही सरळ झालं नाही. फुई जाताना मायचा हात धरून रडली होती म्हणे. काय बोलली, ते मायनं मला सांगितलं नाही.

मोज्यांचंही पुढे व्हायचं ते झालं. परदेशातल्या बायकांनी ते घालणं सोडलं, उघडे पाय चांगले म्हणाल्या. भेस्तानचा तो कारखाना काही वर्षं अंगठा वेगळा असलेले मोजे काढत होता, लुनावर बसणाऱ्या बायकांसाठी, उन्हानं पाय काळे पडू नयेत म्हणून. सुरतेत अजून घालतात, चपलेवर, त्याच दुधात चहा पडलेल्या रंगाचे. मग तिथे लेगिंग्ज निघायला लागल्या. माझी नात काळ्या लेगिंग्जमध्ये सोफ्यावर मांडी घालून बसलेली असते. मी तिला म्हटलं, ह्याची पणजी म्हणजे तो मोजा. ती म्हणाली, आजी, तू पण ना! तिला गुजराती, हिंदी सगळं फाडफाड येतं, अहिराणी कळते फक्त, बोलता येत नाही.

मायचं शेवटचं दुखणं म्हणजे खुब्याचं हाड. न्हाणीत पडली. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी नर्सनं माझ्या हातात एक पाकीट दिलं आणि म्हणाली, मावशी, पायात रक्त गोठू नये म्हणून हे आजींना घालायचेत. मी पाकीट फोडलं. लांब मोजे. मांडीपर्यंत. स्किन. माझ्या मायनं आयुष्यात हजारो पायांचे मोजे हातात घातले, तिच्या स्वतःच्या पायात हे पहिल्यांदा जाणार होते. मी पायाशी बसले. तिला आता जवळजवळ दिसत नव्हतं. कापडाचा आवाज तिनं ओळखला की काय कोण जाणे, तिनं हात पुढे केला. मी मोजा तिच्या हातात दिला. तिनं पडल्या पडल्या त्यात हात घातला, कोपरापर्यंत, आत बोटं फाकली आणि हात हळूच वळवला. मोजा जाड होता, मनगटावरच्या हिरव्या वळांवर अडकला नाही. तोंडावर हसू आलं, तिथलं, पंख्याखालचं. मग बोटं एका जागी थांबली. ‘‘आठे लाइन शे,’’ ती म्हणाली, ‘‘दुसरी मांग.’’ मी उजेडात धरून पाहिलं. होती. इतकी बारीक, की मला चष्म्यातूनही आधी दिसली नव्हती.

मी नर्सकडून दुसरी जोडी आणली. तिनं ती तपासली, मान हलवली. मी तिच्या पायांत चढवायला लागले. टाचा भेगाळलेल्या, नायलॉन जागोजागी धरत होता. मी माझ्या मऊ हातांनी तो सोडवत सोडवत गुडघ्यापर्यंत आणला. तेव्हा ती छताकडे बघत म्हणाली, ‘‘मी तुले ती जोडी आनी देवाले पाहिजे व्हती.’’

मला कळलं होतं. तरी मी विचारलं, ‘‘कोणती जोडी, माय?’’

‘‘नाटकनी,’’ ती म्हणाली. ‘‘नर्सनी.’’

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. त्या संध्याकाळी दारातून माझ्याकडे एकदाच पाहिलं तेव्हापासून. मी भिऊन नाही, चिडून बोलले, हे तिला कळलं होतं, आणि इतकी वर्षं तिनं त्यात स्वतःची चूक शोधून ठेवली होती. तिथे तरी मी खरं बोलायचं होतं. माय, चूक तुझी नव्हती, एवढी चार अक्षरं. नर्स आली, बीपीचा पट्टा बांधायला लागली. मी उठून बाजूला झाले. नर्सनं विचारलं, आजी, मोजे घट्ट होतात का? माय म्हणाली, नही, बरोबर शेतस. मना आंडेरनी घालात.